मुठेचे खोरे आणि जोतिरावांचा जलविचार

महात्मा जोतिराव फुले हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे येते ती भिडे वाड्यातील मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद आणि सत्यशोधक समाज. त्यांच्या सामाजिक कार्याचा हा वारसा महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु याच जोतिरावांनी डोंगरावर पडणाऱ्या पावसाचे काय करावे, माती कशी धरून ठेवावी आणि नदीपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाणी कोठे थांबवावे, याचा सविस्तर विचार मांडून ठेवला आहे, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. खडकवासल्याच्या धरणातून पाणी सुटले की कर्वेनगरापासून डेक्कनपर्यंतच्या नदीकाठावर जीव मुठीत धरून बसणाऱ्या पुणेकरांनी तर हा विचार आवर्जून समजून घ्यायला हवा. कारण तो याच मुठा नदीच्या सान्निध्यात आकाराला आला.

जोतिरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. तेथून पुरंदर तालुक्यातील खानवडीमार्गे हे कुटुंब पुण्यात स्थिरावले. मूळचे गोऱ्हे असलेले हे घराणे पेशव्यांना फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे फुले म्हणून ओळखले जाऊ लागले. आई चिमणाबाई जोतिरावांच्या बालपणीच वारल्या. वडील गोविंदराव फुलांचा व्यवसाय आणि मळा सांभाळत. प्राथमिक शिक्षणानंतर गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि जोतिरावांच्या हाती खुरपे आले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातल्यामुळे १८४१ मध्ये ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मधल्या काळात मळ्यात राबताना वाफ्यांना पाणी कसे द्यावे, ढेकूळ कसे फुटते आणि वाहत्या पाण्याबरोबर माती कशी जाते, याचे धडे त्यांना मिळाले. ग्रंथांतून मिळणारे ज्ञान त्यांनी नंतर भरभरून घेतले. मातीचे ज्ञान मात्र त्यांच्याकडे आधीपासूनच होते.

१८४८ मध्ये मुलींची शाळा, त्यासाठी सावित्रीबाईंसह सोडावे लागलेले वडिलांचे घर, १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारकडून झालेला सत्कार, १८६३ मध्ये सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आणि १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला झालेला हौद, हे त्यांच्या आयुष्याचे टप्पे सर्वश्रुत आहेत. हौदाची घटना समतेच्या लढ्यातील म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण पाणी ही कोणा एकाची मिरास नव्हे, ही त्यांची पक्की धारणाही तिच्यातून दिसते. पुढे शेतीच्या पाण्याबद्दल लिहिताना त्यांनी हीच धारणा कायम ठेवली.

धरणाच्या कामावरील कंत्राटदार

समाजकार्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून जोतिरावांनी आपला चरितार्थ स्वतंत्रपणे चालविला. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या व्यवसायाशी त्यांचा संबंध होता आणि सरकारी बांधकामांना साहित्य पुरविण्याची कंत्राटे ते घेत. त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे काम होते खडकवासला धरणाचे.

१८६० च्या दशकातील अवर्षणांनंतर पुणे आणि पूर्वेकडील कोरडवाहू टापूला पाणी देण्यासाठी मुठा नदीवर मोठे धरण बांधण्याचा निर्णय सरकारने घेतला. कर्नल फाईफ या लष्करी अभियंत्याने या योजनेची आखणी केली आणि धरणामागील जलाशयाला पुढे त्याचेच नाव मिळाले. १८६९ च्या सुमारास सुरू झालेले हे काम सुमारे दहा वर्षे चालले. दगडी बांधकामाची एवढी मोठी भिंत या भागातील लोकांनी त्यापूर्वी पाहिलेली नव्हती. धरणातून दोन कालवे निघाले. उजवा कालवा पुण्यावरून हडपसर, मांजरीकडे गेला. डावा कालवा वारजे, हिंगणे, एरंडवणे या गावांच्या शिवारातून खडकीच्या दिशेने वळला. त्यातील हिंगणे बुद्रुक म्हणजेच आजचे कर्वेनगर. १९०० मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठीचा आपला आश्रम येथे आणला आणि कालांतराने गावाला त्यांचे नाव मिळाले. डाव्या कालव्याचे पाणी केव्हाच आटले. या परिसरातील कॅनॉल रोड हे नाव तेवढे त्याची आठवण म्हणून उरले आहे.

खडकवासल्याच्या कामावर जोतिरावांनी मोठी बांधकामे कशी उभी राहतात, हे अगदी जवळून पाहिले. मजुरांचे हाल पाहिले, सार्वजनिक बांधकाम खात्यातील लाचखोरी आणि कारकुनी कावे पाहिले आणि त्यांवर आपल्या लेखनातून कठोर टीकाही केली. धरणाला त्यांचा विरोध नव्हता. कालव्याचे पाणी घेण्यास प्रारंभी शेतकरी बिचकत होते. अशा वेळी जोतिरावांनी स्वतः मांजरी येथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत केली आणि हे पाणी कसे वापरावे याचा दाखला घालून दिला. मात्र पाणी देण्याच्या पद्धतीवर त्यांचा रोख होता. शेतकऱ्याकडून पट्टी घ्यायची, पण त्याला वेळेवर आणि पुरेसे पाणी मिळेल याची हमी द्यायची नाही, हा पाटबंधारे खात्याचा कारभार त्यांना मान्य नव्हता. प्रत्येकाच्या वाट्याला येईल त्या मानाने तोटी बसवून मोजके पाणी द्यावे, ही सूचना त्यांनी त्या काळी केली होती.

दुष्काळाने दाखविलेले वास्तव

धरणाचे काम चालू असतानाच १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. दख्खनची गावेच्या गावे ओस पडली, जनावरे चाऱ्यावाचून मेली. सत्यशोधक समाजाच्या वतीने जोतिराव आणि सावित्रीबाईंनी धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविले. त्याच सुमारास ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा एकट्या जोतिरावांनी त्याला विरोध केला. लोकांचा पैसा शोभेऐवजी शिक्षणावर खर्च व्हावा, ही त्यांची भूमिका होती.

दुष्काळ हा केवळ पाऊस न पडल्याने येत नाही, हे त्यांना या वर्षांत जाणवले. सावकारी, करांचा बोजा आणि निरक्षरता ही कारणे तर होतीच. पण जमीनच नापीक होत चालली होती. वस्ती वाढल्याने शेते पडीक ठेवून विश्रांती देणे शक्य राहिले नव्हते. १८७८ च्या वन कायद्याने डोंगर आणि कुरणे सरकारी कुंपणात गेली. गावाचे गायरान गेले, त्याबरोबर जनावरे कमी झाली आणि जनावरांबरोबर शेणखतही गेले. डोंगरातून ओढ्याओघळींनी येणारे पाणी सुपीक मातीचा थर नदीत नेऊन टाकत होते.

'शेतकऱ्याचा असूड'मधील आराखडा

हे सारे निरीक्षण १८८३ मध्ये जोतिरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात मांडले. लिहीत असतानाच ते त्याचे जाहीर वाचनही करीत. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांनी तो त्यांच्या तोंडून ऐकला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'त सुरुवातीची दोन प्रकरणे प्रसिद्ध झाली आणि पुढील मजकूर छापणे थांबले. सरकार आणि भटशाहीवरील टीकेमुळे हा ग्रंथ गाजला. शेवटच्या भागातील शेतीसुधारणेच्या सूचनांकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले.

या सूचना आज वाचताना एखाद्या पाणलोट विकास आराखड्याची आठवण व्हावी, इतक्या त्या नेमक्या आहेत. त्यांचा गाभा असा. डोंगरावरील झाडांची पाने, फुले, मेलेल्या कीटकांचे अवशेष यांचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर खाली येते आणि तेच जमिनीचे नैसर्गिक खत असते. ते वाहून वाया जाऊ नये, यासाठी जागोजागी ताली आणि बंधारे घालावेत. पावसाचे पाणी आधी शेतांत मुरावे आणि मगच ओढ्यानाल्यांना मिळावे, अशी त्यांची रचना असावी. हे काम कोणी करायचे, याचेही उत्तर त्यांनी दिले होते. पावसाळ्याखेरीजच्या दिवसांत लष्कर आणि पोलिसांतील रिकाम्या शिपायांना सरकारने या कामाला लावावे, असे त्यांनी सुचविले.

ते येथेच थांबले नाहीत. डोंगरटेकड्यांच्या दऱ्याखोऱ्यांत सोयीसोयीने होतील तितकी तळी आणि तलाव बांधावेत, म्हणजे खालच्या ओढ्यांना भर उन्हाळ्यातही पाणी राहील, त्यावर लहानमोठी धरणे चालतील आणि विहिरींनाही पुरवठा होईल, अशी साखळी त्यांनी रेखाटली. तळ्यांतील आणि नद्यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा, गायराने गावांना परत करावीत, सरपणाला आडकाठी करू नये, मात्र विक्रीसाठी इमारती लाकूड तोडण्यास सक्त बंदी असावी, अशा मागण्याही त्यांत आहेत. भूगर्भातील पाण्याचे झरे पाणाड्यांकडून शोधून त्यांची नोंद गावाच्या नकाशात करावी, अशीही सूचना आहे.

डोंगर, कुरण, शेत, ओढा, तळे, विहीर आणि नदी यांचा असा एकत्रित विचार त्या काळात सरकारी खात्यांना सुचणे कठीण होते. डोंगर वन खात्याचा, कालवा पाटबंधाऱ्यांचा आणि शेत महसूल खात्याचे, अशी वाटणी झालेली होती. जोतिरावांना मात्र पावसाचा थेंब एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसा जातो, हे शेतकऱ्याच्या नजरेने दिसत होते.

पुराशी नाते काय?

जोतिरावांनी हे सारे दुष्काळ आणि नापिकी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले. पूरनियंत्रण हा त्यांचा विषय नव्हता, हे स्पष्टपणे सांगायला हवे. परंतु जे उपाय पाणी मुरवतात, तेच उपाय पुराचा वेगही मोडतात. बोडक्या उतारावर पडलेला पाऊस काही मिनिटांत ओढ्यात येतो. सर्व ओढे एकाच वेळी भरून नदीला मिळाले की पाण्याची पातळी एकदम चढते. तोच उतार गवताने, झुडपांनी आणि तालींनी बांधलेला असेल, तर काही पाणी जमिनीत जिरते, काही तळ्यांत थांबते आणि उरलेले उशिराने नदीत उतरते. पुराचे शिखर त्यामुळे ठेंगणे होते. निसर्गाधारित उपाय म्हणून आज जगभर ज्याची चर्चा चालते, त्याचे सूत्र हेच आहे. नेदरलँड्ससारख्या बंधाऱ्यांच्या देशानेही १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर केवळ तटबंदी उंच करण्याचा मार्ग सोडला. नदीला पसरायला जागा देणारी मोठी योजना त्या देशाने २००६ पासून राबविली. तिच्यात काही ठिकाणी बांध मागे सरकविले गेले, तर काही ठिकाणी पूरमैदाने मोकळी केली गेली.

मुठेच्या काठाने याच्या उलट प्रवास केला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची जुनी भिंतही फोडली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो कुटुंबे बेघर झाली. त्या आपत्तीतून गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शहर नदीपासून दूर पसरू लागले. धरण फुटण्याच्या अशा आपत्तीला ताली आणि गवत अडवू शकत नाहीत. तेथे प्रश्न बांधकामाच्या सुरक्षिततेचा होता. पण काही दशकांतच नदीची आठवण पुसट झाली आणि वस्ती पुन्हा पात्राकडे सरकली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर राहिल्या; प्रत्यक्षात मात्र भराव पडले, भिंती उभ्या राहिल्या आणि पात्र आक्रसले.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने वीसहून अधिक जणांचे बळी घेतले. कात्रजच्या डोंगरातून निघून अरण्येश्वर, सहकारनगरमार्गे मुठेला मिळणाऱ्या या ओढ्यावर कोणतेही मोठे धरण नाही. टेकड्यांवरचा पाऊस, अरुंद झालेले पात्र आणि काठापर्यंत आलेली घरे एवढे त्या रात्री पुरेसे ठरले. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकने पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील इमारतींचे तळमजले पाण्यात गेले. मुठेच्या एका काठावर सिंहगड रस्ता, तर दुसऱ्या काठावर कर्वेनगर. राजाराम पुलावरून पाहिले तर दोन्ही काठांचे दैव एकाच पाण्याला कसे बांधलेले आहे, ते दिसते.

मर्यादा आणि वारसा

जोतिरावांचा आराखडा हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर टेमघरच्या बाजूला पावसाळ्यात पुणे शहराच्या कित्येक पट पाऊस कोसळतो. काळ्या बसाल्ट खडकावरील मातीचा पातळ थर जुलैच्या मध्यापर्यंत तुडुंब भिजलेला असतो आणि त्यानंतरच्या अतिवृष्टीत तो फारसे पाणी जिरवू शकत नाही. अशा वेळी टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांतील पाण्याचे वेळेवर नियोजन आणि नदीला पसरण्यासाठी मोकळी जागा यांना पर्याय नसतो. शहरातील ओढ्यांच्या बाबतीत मात्र टेकड्यांचे महत्त्व फार मोठे आहे. १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्यामागे केवळ हिरवाईची हौस नाही. वारजे-कोथरूडच्या टेकडीवर मुरलेले पाणी पायथ्याच्या सोसायटीच्या तळघरात येत नाही, इतका सरळ हा हिशेब आहे.

जोतिरावांच्या विचाराची कसोटी महाराष्ट्रात लागली ती त्यांच्या निधनानंतर जवळपास शतकाने. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. जोतिरावांच्या पूर्वजांनी वास्तव्य केलेली खानवडी याच तालुक्यातली. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या नगर जिल्ह्यातील गावांनी समतल चर, नालाबांध, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीच्या बळावर आपले रूप पालटले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवीत यायचे, हे या चळवळीचे सूत्र 'असूड'च्या सूचनांशी तंतोतंत जुळते. राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला जोतिरावांचे नाव दिले गेले आणि या शतकाच्या आरंभी राज्य शासनाने जल व भूमी संधारणाच्या अभियानालाही तेच नाव दिले. खेड्यांनी जोतिरावांचे पाण्याविषयीचे म्हणणे काही प्रमाणात तरी ऐकले. ज्या शहरात ते जन्मले, वावरले, त्या शहरापर्यंत ते पोहोचायचे आहे.

११ मे १८८८ रोजी मुंबईच्या कष्टकरी जनतेने जोतिरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात निकामी झाला. तरीही डाव्या हाताने लिहीत त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. सावित्रीबाईंनी पुढे सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनीही देह ठेवला.

जोतिरावांनी आपल्या आयुष्यात मुठेवरील सर्वांत मोठी भिंत उभी राहताना पाहिली आणि तिच्या उभारणीला हातभारही लावला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत त्यांनी लिहून ठेवले ते हजारो लहान बांधांविषयी, गवताविषयी आणि गाळाविषयी. नदीच्या पात्रात एका ठिकाणी पाणी अडविले म्हणजे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. पाण्याचा प्रश्न डोंगराच्या माथ्यावर सुरू होतो, हे त्यांनी शेतकऱ्यांसाठी सांगितले होते. दर जुलैमध्ये धरणाच्या विसर्गाचे आकडे मोजणाऱ्या शहराला आज त्याच शिकवणीची तितकीच निकड आहे. टेकड्यांची झाडी, ओढ्यांची रुंदी आणि नदीची पूररेषा यांविषयीचे निर्णय महापालिकेच्या सभागृहात आणि मंत्रालयात होतात. एकेकाळी पुणे नगरपालिकेत एकट्याने विरोधाचा हात वर करणाऱ्या या सदस्याचे स्मरण त्या वेळी झाले, तर नदीकाठच्या हजारो घरांचा पावसाळा थोडा निर्धास्त जाईल.